उंची कुठून मोजायची आणि वेगाचा वर्ग कशासाठी

स्थितिज ऊर्जा आणि गतिज ऊर्जा, दोन्हींची सूत्रं पाच मिनिटांत पाठ होतात. वस्तुमान गुणिले गुरुत्व त्वरण गुणिले उंची, म्हणजे मुलांच्या तोंडी बसलेलं ‘एमजीएच’. आणि वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, त्याचं अर्धं. पाठ झाल्यावरही गणितं चुकतात, आणि बहुतेक वेळा दोनच जागी चुकतात. पहिल्या सूत्रात उंची कुठून मोजायची ते ठरवलेलं नसतं, आणि दुसऱ्या सूत्रातला वर्ग नुसता लिहिलेला असतो, जाणवलेला नसतो. या दोन जागा पक्क्या झाल्या तर बाकीचं प्रकरण आपोआप सुटत जातं, असं माझं स्पष्ट मत आहे. म्हणून ही नोंद त्या दोन जागांपुरती.

विहिरीपासून सुरुवात करू. पाणी काठापासून १२ मीटर खाली आहे. बादलीत १० लिटर पाणी, म्हणजे १० किलो. बादलीचं स्वतःचं वजन सध्या सोडून देऊ. हे पाणी काठावर आणायला १० × ९.८ × १२ = १,१७६ ज्यूल कार्य करावं लागतं. काठावर आलेल्या पाण्यात १,१७६ ज्यूल स्थितिज ऊर्जा आहे असं आपण म्हणतो, पण हे वाक्य अर्धवट आहे. ती ऊर्जा विहिरीतल्या पाण्याच्या पातळीच्या मानाने आहे. काठाच्या मानाने मोजली तर तीच बादली शून्यावर आहे, आणि खाली पाण्यात असताना ती उणे १,१७६ ज्यूलवर होती. उणे ऊर्जा बघून मुलं बिचकतात. बिचकण्यासारखं काही नाही. शून्य कुठे धरायचं ते आपण ठरवतो, आणि एकदा ठरवलं की गणित संपेपर्यंत बदलायचं नाही, एवढीच अट. वर आणि खाली यांतला फरक दोन्ही हिशेबांत १,१७६ च येतो, आणि निसर्गात फक्त फरकालाच अर्थ आहे.

आता दोर. १२ मीटर दोराचं वजन २ किलो धरा. तोही वर आला, मग त्याचे २ × ९.८ × १२ धरायचे का? नाही. दोराचं वरचं टोक आधीपासून काठावरच होतं, खालचं टोक मात्र १२ मीटर चढलं. सरासरी ६ मीटर. म्हणून २ × ९.८ × ६ = ११८ ज्यूल. पसरलेल्या वस्तूची उंची तिच्या गुरुत्वमध्यापर्यंत मोजायची असते, हा नियम इथे दोराच्या रूपाने हातात येतो. बादली ओढताना सुरुवातीला जड आणि शेवटी हलकी लागते, त्याचंही कारण हेच.

उंची म्हणजे फक्त उभी उंची. सोयाबीनचं ५० किलोचं पोतं १.२ मीटर उंचीच्या ट्रॉलीत चढवायचं आहे. थेट उचललं तर ४९० न्यूटन बल १.२ मीटरपर्यंत लावावं लागतं, ५८८ ज्यूल. ४ मीटर लांबीची फळी लावून सरकवलं तर, घर्षण सोडून, १४७ न्यूटन बल पुरतं, पण ते ४ मीटरपर्यंत लावावं लागतं. पुन्हा ५८८. परीक्षेत ‘४ मीटर लांबीच्या उतारावरून’ असं आलं की मुलं उंचीच्या जागी ४ घालतात. आणि पोतं डोक्यावर घेऊन सपाट धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, शंभर पावलं चाललं तर स्थितिज ऊर्जा एक ज्यूलही वाढत नाही. माणूस दमतो, कारण भार नुसता धरून ठेवायलाही स्नायू शरीरातली रासायनिक ऊर्जा खर्च करतात. ती ऊर्जा पोत्यात जात नाही, उष्णता होऊन घामावाटे बाहेर पडते.

आणखी एक नेहमीची चूक म्हणजे वजन आणि वस्तुमान यांची गल्लत. प्रश्नात ‘वजन ५० न्यूटन’ दिलं असेल तर त्यात ९.८ आधीच आलेलं आहे. तिथे नुसतं उंचीने गुणायचं.

आता गावातल्या पाण्याच्या टाकीकडे बघा. टाकी ५०,००० लिटरची, तिचा तळ जमिनीपासून १२ मीटरवर, आत ३ मीटर पाणी. म्हणजे पाण्याची सरासरी उंची १३.५ मीटर. ५०,००० × ९.८ × १३.५ = सुमारे ६६ लाख ज्यूल. आकडा मोठा वाटतो. पण विजेचं एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. भरलेल्या अख्ख्या टाकीत दोन युनिटंसुद्धा नाहीत! विजेचं युनिट किती मोठं आहे आणि पाणी उचलण्याची ऊर्जा किती थोडी आहे, हे एका गुणाकारात दिसतं.

तरी ही टाकी भरताना मीटरवर नऊ-दहा युनिटं पडतात, ती का? विहिरीचं पाणी १२ मीटर खाली, आणि पाइप टाकीच्या वरून आत सोडलेला, जमिनीपासून १५ मीटरवर. म्हणजे प्रत्येक लिटर एकूण २७ मीटर चढतं. तेवढ्यालाच सुमारे ३.७ युनिटं लागतात. वरून टाकीत पडताना जी उंची वाया जाते, तिचा नुसता खळखळाट होतो. मोटर आणि पंप मिळून चाळीस टक्के कार्यक्षमता धरली तर मीटरवरचा आकडा ९.२ युनिटांवर जातो. ५ एचपीचा संच हे काम साधारण दोन तासांत करतो. उरलेली ऊर्जा मोटरच्या गुंडाळीत, पंपाच्या पंख्यात आणि पाइपच्या घर्षणात तापून जाते.

पाइपचं घर्षण वेगळं सांगायला हवं, कारण ओलिताच्या खर्चात ते थेट उतरतं. तेवढंच पाणी अडीच इंचीऐवजी दोन इंची पाइपमधून न्यायचं तर वेग दीडपटीहून थोडा जास्त होतो, आणि घर्षणात जाणारी ऊर्जा जवळजवळ तिप्पट. पाइप घेताना वाचलेले पैसे दर हंगामात विजेच्या बिलातून किंवा कमी पडणाऱ्या धारेतून जात राहतात. इथेही मागे वेगाचा वर्गच आहे.

वर्गाकडे यायच्या आधी पडणारी वस्तू नीट पाहू. ३०० ग्रॅमचं कवठ ५ मीटरवरून सुटलं. सुरुवातीला त्याची स्थितिज ऊर्जा १४.७ ज्यूल, गतिज शून्य. जमिनीला टेकायच्या क्षणी गतिज १४.७, वेग सेकंदाला ९.९ मीटर, म्हणजे ताशी ३६ किलोमीटर. आता विचारा, अर्ध्या वाटेत, अडीच मीटरवर, वेग किती? शाळेत बहुतेकांचं उत्तर ‘निम्मा’ असं येतं. निम्मी असते ती ऊर्जा. वेग तिथे सेकंदाला ७ मीटर, म्हणजे शेवटच्या वेगाच्या सत्तर टक्के. आणि वेळेने अर्धी वाट म्हणाल तर अर्ध्या सेकंदात कवठ जेमतेम सव्वा मीटर खाली आलेलं असतं. वेग निम्मा, ऊर्जा चौथा हिस्सा. हे तीन ‘अर्धे’ वेगवेगळे आहेत. ते फळ्यावर शेजारी-शेजारी काढून दाखवले की गोंधळ कायमचा मिटतो.

हा वर्ग आणि त्याच्या पुढचं ‘अर्धं’ येतं कुठून? थांबलेल्या वस्तूला सारखं बल लावत ठराविक वेळात एका वेगापर्यंत नेलं, तर त्या वेळातला सरासरी वेग शेवटच्या वेगाच्या निम्मा असतो. म्हणजे कापलेलं अंतर निम्मा वेग गुणिले वेळ. लावलेलं बल म्हणजे वस्तुमान गुणिले वेग, भागिले वेळ. बल आणि अंतर यांचा गुणाकार केला की वेळ दोन्हीकडून उडून जाते. उरतं वस्तुमान, दोनदा आलेला वेग, आणि ते निम्मं. एक वेग बलातून येतो, दुसरा अंतरातून. वर्ग तिथेच जन्मतो.

ही गोष्ट शास्त्रज्ञांनाही सहज पटली नव्हती. गतीचं माप वस्तुमान गुणिले वेग की वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, यावर लायब्निझच्या काळापासून मोठा वाद होता. १७२० च्या दशकात हॉलंडमध्ये ग्रावेसांड यांनी सारख्या आकाराचे पण वेगवेगळ्या वजनांचे पितळी गोळे मऊ मातीत टाकून खळगे तपासले. दुप्पट वजनाचा गोळा निम्म्या उंचीवरून टाकला तर खळगा तेवढाच पडतो, असं दिसलं. निम्मी उंची म्हणजे वेगाचा वर्ग निम्मा, म्हणून माप वर्गाचंच ठरलं. फ्रान्समध्ये एमिली द्यू शातले यांनी १७४० मध्ये हा मुद्दा ठामपणे मांडला. ‘अर्धं’ सूत्रात पक्कं बसवलं ते कोरिओलिसने, १८२९ मध्ये. स्थितिज ऊर्जा हे नाव १८५३ मध्ये रँकिनने दिलं, आणि गतिज ऊर्जा हे त्यानंतर, १८६२ मध्ये, थॉमसन आणि टेट यांनी. आपल्याकडे मळलेली काळी माती हवी तेवढी आहे. दोन सारखे प्लास्टिकचे चेंडू घ्या, एक रेतीने पूर्ण भरा, दुसरा रेती आणि कोंडा मिसळून असा भरा की वजन बरोबर निम्मं होईल. जड चेंडू एक मीटरवरून, हलका दोन मीटरवरून. खळगे सारखेच पडायला हवेत. हवा लागून मातीवर साय धरली असेल तर फरक पडतो, म्हणून प्रत्येक वेळी वरून ओला हात फिरवून सपाट करायची.

याहून नेमका प्रयोग मात्र कंच्याचा, म्हणजे काचेच्या गोटीचा, आहे. त्याला स्टॉपवॉच लागत नाही. ओलिताच्या एक इंची काळ्या पाइपचा सव्वा मीटरचा तुकडा घ्या आणि हॅक्सॉने लांबीत मधोमध चिरा. गुंडाळीतला पाइप असल्याने त्याला मुळातच गोलाई असते, ती इथे उपयोगी पडते. अर्धा तुकडा टेबलावर असा बसवा की वरचं टोक डब्यावर किंवा पुस्तकांच्या थप्पीवर टेकेल आणि शेवटचे १०-१२ सेंटिमीटर टेबलाच्या कडेशी अगदी आडवे येतील. खाली फरशीवर कोऱ्या कागदावर कार्बन पेपर अंथरा, नाहीतर राखेचा पातळ थर द्या. वरून १६ मिलिमीटरचा कंचा सोडा. तो पाइपमधून घरंगळत येतो, टेबलाच्या कडेवरून आडवा उडतो आणि कागदावर खूण करतो.

टेबल ७५ सेंटिमीटर उंच असेल तर कंचा कितीही वेगाने आडवा सुटो, खाली पडायला त्याला ०.३९ सेकंदच लागतात. म्हणून कडेच्या बरोबर खालच्या बिंदूपासून खुणेपर्यंतचं अंतर भागिले ०.३९ म्हणजे त्याचा वेग. खालचा बिंदू अंदाजाने घेऊ नका, दोऱ्याला नट बांधून ओळंबा सोडा. सोडायची उंची कंच्याच्या तळापासून मोजा, पाइपच्या आडव्या भागाच्या मानाने. आधी ५, मग २०, मग ४५ सेंटिमीटर. या तीन उंची मुद्दाम निवडल्या आहेत. त्यांचं गुणोत्तर १ : ४ : ९ आहे, म्हणून अंतरं १ : २ : ३ यायला हवीत. चौपट ऊर्जा दिली तेव्हा कुठे वेग दुप्पट झाला, हे जमिनीवरच्या खुणांमध्ये उघड दिसतं.

आता खरी मेख. २० सेंटिमीटरला एमजीएच आणि गतिज ऊर्जा सरळ समान मांडली तर वेग सेकंदाला १.९८ मीटर येतो आणि खूण ७७ सेंटिमीटरवर पडायला हवी. ती पडते ६५ च्या आसपास, बहुधा दोन-चार सेंटिमीटर आणखी अलीकडे. वहीत ‘घर्षणामुळे फरक’ असं लिहून मुलं मोकळी होतात. ते बरोबर नाही. बारा सेंटिमीटरची ही तूट मुख्यतः कंच्याच्या फिरण्यातली आहे. घरंगळणारा भरीव गोळा आपल्या गतिज ऊर्जेचे सातात दोन भाग स्वतःभोवती फिरण्यात ठेवतो आणि फक्त पाच भाग पुढे जाण्यात. तो हिशेब धरला की वेग १.६७ येतो आणि अंतर ६५. तीन उंचींची अपेक्षित अंतरं अनुक्रमे ३३, ६५ आणि ९८ सेंटिमीटर. ६५ च्या खाली जे दोन-चार सेंटिमीटर जातात, ते घर्षणाचे.

बिघडतं कुठे, तेही सांगतो. शेवटचा भाग आडवा नसेल तर सगळे आकडे सरकतात. तिथे कंचा नुसता ठेवून बघा, तो जागच्या जागी राहिला पाहिजे. उतार आणि आडवा भाग यांच्या सांध्यात कोन राहिला तर कंचा उसळतो आणि तिथेच ऊर्जा जाते, पाइपचा आवाज ऐकूनच हे कळतं. चाळीस अंशांच्या पुढे चढ दिला तर कंचा फिरायचं सोडून घसरू लागतो आणि अंतर ६५ आणि ७७ च्या मधे कुठेतरी येतं. बोटाने सोडला तर नकळत धक्का बसतो, म्हणून समोर पट्टी आडवी धरायची आणि ती झटक्यात वर उचलायची. प्रत्येक उंचीला पाचदा सोडा आणि मधली खूण घ्या.

शेवटी गॅरेजातून जुन्या बेअरिंगचा त्याच मापाचा छर्रा आणून सोडा. तो कंच्याच्या तिप्पट जड, तरी त्याच जागी पडतो. ऊर्जा तिप्पट, वेग तोच, कारण वस्तुमान दोन्ही बाजूंनी उडून जातं. मग पाइपच्या तोंडाशी रिकामी काडेपेटी ठेवून दोघांनाही एकेकदा आदळू द्या. तिप्पट ऊर्जा म्हणजे काय, ते पेटी किती लांब सरकली त्यावरून कळेल.

वर्ग खरा महाग पडतो तो रस्त्यावर. मोटरसायकल आणि दोन माणसं मिळून २५० किलो धरा. गणितात पहिली चूक अशी की ताशी ४० तसंच घातलं जातं. आधी ३.६ ने भागून सेकंदाला मीटर करायचं, म्हणजे ११.१. मग ऊर्जा १५,४०० ज्यूल. ताशी ६० ला ३४,७०० आणि ताशी ८० ला ६१,७००. हेच उंचीत बदलून बघा. ४० ने धडकणं म्हणजे ६.३ मीटरवरून, दुमजली घराच्या गच्चीवरून, पडणं. ६० म्हणजे १४ मीटर, आपल्या पाण्याच्या टाकीवरून. ८० म्हणजे २५ मीटर. वेग दुप्पट, उंची चौपट.

ब्रेक लावल्यावरही तेच. कोरडा डांबरी रस्ता आणि चांगले टायर असतील तर ४० ला गाडी साधारण ९ मीटरांत थांबते, ६० ला २० आणि ८० ला ३६. समोरचं दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंतचा एक सेकंद वेगळा, त्यात ८० ला आणखी २२ मीटर जातात. पावसाळ्यात वावरातून निघालेले ट्रॅक्टर काळ्या मातीचा चिखल डांबरावर आणून टाकतात. तिथे टायरची पकड निम्मी झाली तरी ८० चं थांबण्याचं अंतर ७२ मीटर होतं. पकड त्याहून कमीही होते.

हेल्मेटचं काम याच हिशेबातलं. ऊर्जा तीच असते, पण ती किती अंतरात संपते त्यावर बल ठरतं. मघाचं कवठ एका सेंटिमीटरात थांबलं तर सरासरी १,४७० न्यूटन, म्हणजे दीडशे किलोचा भार. रेतीत दहा सेंटिमीटर रुतून थांबलं तर १४७. हेल्मेटच्या आतला थर्मोकोलसारखा थर दबतो आणि ते दोन-तीन सेंटिमीटर मिळवून देतो. एकदा दबला की तो परत फुगत नाही. म्हणून जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून धड दिसलं तरी बदलायचं.

आणि घाट. चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे १,१०० मीटर उंचीवर आहे. तिथून परतवाड्याकडे उतरताना एखादी १० टनांची बस ६०० मीटर खाली आली असं धरू. सोडलेली स्थितिज ऊर्जा ५ कोटी ८८ लाख ज्यूल. कुठेच अडवली नसती तर खाली तिचा वेग ताशी ३९० किलोमीटर झाला असता. प्रत्यक्षात ती ताशी ३० ने पोहोचते, म्हणजे गतिज ऊर्जा उरते जेमतेम साडेतीन लाख ज्यूल. हजारातले ९९४ भाग वाटेत उष्णता होऊन गेले. ही उष्णता सुमारे १८६ लिटर पाणी २५ अंशांवरून उकळीपर्यंत न्यायला पुरते. ब्रेकच्या ड्रमांनीच ती सगळी घ्यायची ठरवली तर ते लालबुंद होतात, लायनिंगची पकड सुटते आणि पाय पूर्ण दाबूनही बस थांबत नाही. जळका वास येऊ लागला की ती वेळ जवळ आलेली असते. तेव्हा गाडी सुरक्षित जागी उभी करून ड्रम निवू द्यायचे, वरून पाणी ओतायचं नाही, कारण तापलेलं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, तडकतं.

म्हणून जो चढ ज्या गिअरमध्ये चढतो, तो उतार त्याच गिअरमध्ये उतरायचा. मग इंजिन प्रत्येक फेरीला हवा दाबत आणि स्वतःचं घर्षण सोसत ऊर्जा खातं, आणि ती उष्णता रेडिएटरमधून बाहेर जाते. ब्रेक फक्त वळणापुरता उरतो. उतारावर न्यूट्रल केल्याने तेल वाचतं ही समजूतही चुकीची आहे. इंधन इंजेक्शनच्या गाडीत गिअर तसाच ठेवून ॲक्सिलरेटर सोडला की इंधन बंद होतं, कारण चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला थेंब-थेंब जळतच राहतं, आणि सहाशे मीटरांची सगळी ऊर्जा एकट्या ब्रेकवर येते.